तिसऱ्या गिअरमधला आवाज

४ जानेवारी

छापखान्यात मशीनखात्याचा फोरमन होतो तेव्हा प्रत्येक मशीनची वेगळी वही असायची. कधी उघडलं, काय बदललं, कोणी वाट लावली, सगळं त्यात. ही वही तशीच, गाडीची. मनाबिनाचं काही लिहिणार नाही. ते कवींनी करावं, त्यांना दुसरा धंदा नसतो.

गाडी म्हणजे आमच्या चिरंजीवांनी आणलेलं खटारं. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार, वयानं जवळजवळ माझ्याएवढी. कुठल्याशा शेडमधून आणली तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी म्हणालो, "लग्न झालेल्या माणसानं भंगारात जीव घालू नये." तो नुसता हसला. अर्धी उघडून ठेवली आणि एक दिवस ऑफिसला गेला तो आलाच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. त्याची आई आधीच गेली होती. घरात उरलो मी आणि सूनबाई. तिसरं वर्ष चालू आहे. गॅरेजचं दार तेव्हापासून बंद.

परवा सूनबाईच म्हणाली, "बाबा, ती गाडी पूर्ण करू या. तुमचं मन रमेल. आणि ती रस्त्यावर आली, की मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय."

म्हटलं, "आत्ताच सांग की."

"अंहं. गाडी झाल्यावर."

मला कोडी आवडत नाहीत. पण आज कुलूप तोडलं. किल्ली सापडेना.

१२ जानेवारी

मदतीला लांब्या येतो. हा चिरंजीवांचा शाळेपासूनचा दोस्त. पुलांच्या कामावर इंजिनिअर आहे, पण माझ्या लेखी अजून तोच, आमच्या दारात डोकं आपटणारा लांब्या. आजही आपटलं.

गाडीचं पहिलं भांडण पान्यांवरून. माझ्याकडे मिलिमीटरचे पाने आहेत, इंची आहेत. या बाईसाहेबांचे नट दोन्हीत बसत नाहीत. जुनं इंग्रजी माप वेगळंच, पान्यावर लिहिलेला आकडा एक आणि तोंडाची रुंदी दुसरीच. दोन नटांचे कोपरे गोल करून ठेवल्यावर लांब्या म्हणाला, "काका, योग्य पाने मिळेपर्यंत हात लावायला नको." मला शिकवतो! मी दोन मजली रोटरी मशीन डोळे झाकून उघडलेलं आहे. पण पोरगं बरोबर बोललं. पाने शोधायला हवेत.

सूनबाई कामावरून आली तशी पर्स न ठेवताच गॅरेजमध्ये आली. ती कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. दिवसभर कानांत बोटं घालणारे म्हातारे पाहून कंटाळत असेल. इथे आल्यावर तोंडावर जरा तरतरी दिसली.

२९ जानेवारी

भंगाराच्या यार्डात गेलो होतो. तिघंही. भंगारवाला जाडा, तोंडानं फटकळ. म्हणाला, "आजोबा, असली गाडी वर्षानुवर्षं आली नाही, येणार नाही." मग मी सांगितलं, की त्याच कंपनीची मालवाहू व्हॅन होती, तिचा गिअरबॉक्स हिला चालतो, एखादा दात इकडेतिकडे. त्यानं डोकं खाजवलं. पार मागे, बाभळीसारख्या काट्यांत, एक व्हॅन निघाली. आतून झाड उगवून छपराबाहेर आलेलं.

मी उपडा पडून बोल्ट काढत होतो आणि ही दोघं झाड ओढत होती. झाड एकदम सुटलं आणि दोघं चिखलात बसली. सूनबाई हसली. किती दिवसांनी हसली. मी व्हॅनखालून ऐकलं, आणि खोटं कशाला लिहू, मला रडू आलं. गंजाचा भुगा डोळ्यांत पडतच होता, ते बरं झालं.

गिअरबॉक्स निघाला. बाहेरून मातीचा गोळा, आत दात लख्ख.

१५ फेब्रुवारी

दारांच्या आतला लाकडी सांगाडा कुजला होता, तो नवा केला. पत्रा सोपा असतो, लाकूड रुसतं. तीन वेळा दार लावलं, तीन वेळा खालून फट राहिली. चौथ्यांदा शिव्या घालून लावलं तेव्हा बसलं.

आज एक गंमत झाली. मी गाडीच्या एका बाजूला, लांब्या दुसऱ्या बाजूला, सूनबाईच्या हातात दिवा. ती म्हणाली, "अहो, जरा सरका ना, उजेड पडत नाही." मी सरकलो. लांब्याही सरकला. दोघंही सरकलो तसा उजेड भलतीकडेच पडला. मी म्हटलं, "अगं, मला म्हणतेस का त्याला?" ती गोरीमोरी झाली. पूर्वी ती त्याला भावजी म्हणायची. हल्ली काहीच म्हणत नाही, नुसतं अहो, ऐकलंत का, असलं तुटक. माणसानं कसं नातं लावून हाक मारावी. तिला सांगायला हवं एकदा. पोरगा मनाला लावून घ्यायचा.

२ मार्च

आज माझ्या हातून घाण झाली. पूर्ण माझ्या.

या गाडीची चाकं तारांची आहेत आणि ती मध्ये एकाच मोठ्या, कानवाल्या नटानं बसतात. लाकडी हातोड्यानं कान ठोकायचे, की नट आवळतो. डाव्या बाजूच्या नटांचे आटे सुलटे, उजव्या बाजूचे उलटे, म्हणजे गाडी पुढे पळताना चाक सैल होत नाही. हे मला ठाऊक होतं. लांब्याला मीच समजावून सांगितलं होतं, कागदावर चित्र काढून. आणि आज मीच, गप्पा हाणत, डावीकडचा नट उजवीकडे चढवला. चढेना तेव्हा वाटलं गंज असेल. हाणला हातोडा. हाणला म्हणजे चांगलाच हाणला. आटे सगळे सपाट झाले, चाक बसतं तो हबही गेला. फोरमन म्हणे!

लांब्याचा चेहरा एवढासा झाला. "आता दुसरा हब मिळेपर्यंत?" मी म्हटलं, "महिना तरी." तो सूनबाईकडे बघत राहिला. ती म्हणाली, "होईल हो. एवढं थांबलो, अजून थोडं."

मी शरमेनं मेलो असं लिहायला हवं. पण जेवताना लक्षात आलं, की मला आत कुठेतरी बरं वाटतंय. का वाटावं? देव जाणे. वहीत मनाचं लिहायचं नव्हतं. असो.

२१ मार्च

हब मिळाला. भंगारवाल्यानं स्वतः फोन केला. एका पडीक गाडीचा पुढचा भाग आला म्हणाला, तुमचं नशीब. नशीब कसलं, चांगला महिना म्हटलं होतं, तो आधीच आणून ठेवतो. लोकांना भलत्या वेळी कामाची हौस येते.

लांब्याला दूरच्या पुलावर पाठवतायत. दोन-तीन वर्षं तिकडेच. एप्रिल संपायच्या आत रुजू व्हायचं आहे. म्हणून त्याची घाई. दर रविवारी तेच, "काका, एप्रिलमध्ये होईल ना नक्की?" मी म्हटलं, "अरे, तू नसलास तरी गाडी पळेल, तुझा काय जीव अडकलाय तिच्यात?" चांगला पोरगा आहे. मित्राची गाडी पूर्ण झालेली बघून जावं असं वाटत असणार.

६ एप्रिल

सुरू झाली!

दोन्ही कार्बोरेटर जुळवायचे म्हणजे नाकी नऊ. रबरी नळी कानाला लावून ऐकायचं, दोन्हीकडून सारखीच फूस आली पाहिजे. ते ऐकायचं काम सूनबाईनं केलं, तिचा तो पेशाच. "डावीकडे थोडं जास्त, बाबा. आता सारखं." मी स्टार्टरची दोरी ओढली. एकदा खोकली, दोनदा खोकली, मग अख्ख्या गल्लीला दम देत सुरू झाली. आज मुद्दाम रजा टाकून आलेल्या लांब्यानं मला उचलून फिरवलं, मेल्यानं. माझा चष्मा पडला. सूनबाई बोनेटवर हात ठेवून उभी होती, इंजिनची थरथर हाताला लागत होती तिला. डोळे भरले होते. चिरंजीवांची आठवण आली असणार. मलाही आली. आज तो पाहिजे होता.

रविवारी रस्त्यावर काढायची.

संध्याकाळी अक्काचा फोन. मी खुशीत सांगत होतो, तर ही म्हणते, "गाडीचं राहू दे. पोरीचं काय ठरवलंस?"

"कुठल्या पोरीचं?"

"तुझ्या सुनेचं. वय काय तिचं! मला इथे बसून दिसतं आणि तुला शेजारी बसून दिसत नाही? डोळे आहेत की बटणं?"

मी म्हटलं, "अक्का, तुला ब्लडप्रेशर आहे, झोप." आणि ठेवला फोन. मोठी बहीण म्हणून काहीही बोलावं का? सूनबाई सुखात आहे. माझ्यासारखा सासरा शोधून सापडणार नाही. सगळे दोष काढून झाल्यावर एवढं तरी खरं आहे.

जेवण गेलं नाही. आनंदानं असेल.

९ एप्रिल, रविवार

आधी मी आणि लांब्या एक फेरी मारून आलो. मग सूनबाईला बसवलं. ती निळी साडी नेसली होती, केसांना रुमाल बांधला होता. दोनच माणसांची गाडी, म्हणून लांब्या फाटकापाशी उभा राहिला. वळणावरून मी मागे पाहिलं, तो तसाच ताटकळत उभा, परीक्षेच्या निकालाला उभं राहतात तसा.

पहिला गिअर, दुसरा, झकास. नदीकाठच्या सरळ रस्त्याला लागलो. वारा असा सुटला, की मला तिशीतला झाल्यासारखं वाटलं. मग सूनबाई वळली आणि म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं ना, गाडी रस्त्यावर आली की..."

तेवढ्यात मला आवाज आला. तिसऱ्या गिअरमध्ये. बारीक, सुईसारखा, किंईं असा. मी म्हटलं, "थांब. ऐक. गिअरबॉक्सात काहीतरी आहे."

मी गिअर बदलून पुन्हा तिसरा टाकला. "आला की नाही? बारीक आहे बघ. ऐकू येतंय ना तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. स्टिअरिंगकडेही. मग म्हणाली, "हो बाबा. येतंय."

झालं तर. कान तपासणारी बाई सांगते म्हटल्यावर शंकाच नको. मी तिथूनच गाडी वळवली. फाटकापाशी लांब्याला सांगितलं, की अजून झाली नाही, गिअरबॉक्स पुन्हा उघडायचा. तो म्हणाला, "काका, मला तर आवाज आला नाही." मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा हिचे कान चांगले आहेत, हिला विचार." त्यानं विचारलं नाही. तिच्याकडे बघितलं मात्र. ती रुमाल सोडत आत गेली.

११ एप्रिल

दोन्ही सीटा काढल्या, खालच्या फळ्या काढल्या, गिअरबॉक्स बाहेर. लांब्या आला नाही. सामानाची बांधाबांध असेल.

आवाज होता का? होता. म्हणजे असणारच. एवढा जुना गिअरबॉक्स, भंगारातल्या व्हॅनमधला, आवाज नसेल तर नवल.

१७ एप्रिल

उघडला. दात ठीक दिसतात. बेअरिंगही ठीक दिसतात. दिसण्यावर काय आहे? भंगारवाल्याला दुसरे बेअरिंग बघून ठेवायला सांगितलं. घाई नाही म्हटलं.

सूनबाई हल्ली गॅरेजमध्ये येत नाही. दवाखान्यात गर्दी असते म्हणते. डोळे सुजलेले होते. विचारलं तर म्हणाली, सर्दी. मी तिला वाफ घ्यायला लावली, पाणी स्वतः तापवून दिलं. आपण नाही बघायचं तर कोणी बघायचं तिच्याकडे?

२६ एप्रिल

लांब्या निरोप घ्यायला आला. दारात डोकं आपटलं, या वेळी तिघंही हसलो नाही. चहाला थांबला नाही. माझे हात ऑइलनं भरलेले, तरी हात हातात घेऊन बराच वेळ उभा होता. म्हणाला, "काका, तब्येत सांभाळा. त्यांनाही सांभाळा." मी म्हटलं, "अरे, तीच मला सांभाळते."

सूनबाई दाराशी आली. म्हणाली, "सांभाळून जा, भावजी."

कितीतरी दिवसांनी भावजी म्हणाली. ऐकून बरं वाटलं. त्यानं मान हलवली आणि चालायला लागला. कोपऱ्यावर वळून पाहील असं वाटलं होतं, पण पाहिलं नाही.

घर एकदम मोठं वाटायला लागलं आहे. एक माणूस रविवारचा येत होता, त्यानं एवढा फरक पडावा?

१० मे

काय झालं कोण जाणे, हाताला वेग आला. बेअरिंगची वाट बघितली नाही. जे होते तेच धुऊन बसवले, गिअरबॉक्स चढवला, फळ्या ठोकल्या. पूर्वी हेच काम करताना हातातून नट पडायचे, पाना सापडायचा नाही, पाठ धरायची. आता काही अडत नाही.

१४ मे

हे लिहावं की नाही असा विचार करत बसलो होतो. लिहितो. मशीनच्या वहीत बिघाड लपवायचा नसतो, हे मीच पोरांना बजावायचो.

दुपारी गाडी काढली. सूनबाईला म्हटलं, चल. आली. साधीच, घरातल्या कपड्यांत. नदीकाठच्या रस्त्याला तिसरा टाकला. गाडी मखमलीसारखी गेली. फाटकापाशी परत येऊन थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. म्हटलं, "गेला बघ आवाज."

"हो."

"तुला काहीतरी सांगायचं होतं ना मला?"

"राहिलं ते, बाबा. आता काही नाही सांगायचं."

मी पुढे विचारणार नव्हतो. देवाशपथ विचारणार नव्हतो. पण तोंडून गेलं, "लांब्याचं होतं का?"

ती समोर बघत होती. म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं. हिवाळ्यात. मी म्हटलं, आधी बाबांना सांगते, पण एकदम नाही. गाडीत बाबांचा जीव रमू दे, मग माझं जाणं त्यांना जड जाणार नाही. तेही हो म्हणाले. म्हणून येत होते दर रविवारी."

"मग?"

"मग मी नाही म्हणून सांगितलं."

"कधी?"

"तुम्हाला आवाज आला ना, त्याच दिवशी."

मी म्हटलं, "अगं, पण आवाज होता. तूच म्हणालीस, येतोय म्हणून."

तिनं हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं बोलली. "बाबा, गेल्या वर्षी तुमचे कान मीच तपासलेत. जाड आवाज तुम्हाला चांगले येतात. बारीक येत नाहीत. तपासणीत शेवटचे बारीक सूर वाजवले तेव्हा, ऐकू आलं की दाबायचं ते बटण तुम्ही दाबलंच नाहीत, उलट विचारलंत, सुरू कधी करणार. गाडीत तसा आवाज असता, तर मला आला असता. तुम्हाला नसता आला."

मी कसंबसं म्हटलं, "मग हो का म्हणालीस?"

"तुमचे हात बघितले मी स्टिअरिंगवर. कापत होते. इतकं घाबरलेलं माणूस टाकून कशी जाऊ?"

मी म्हटलं, "जा. आत्ता जा. फोन कर त्याला. मी करतो. अगं, मी म्हातारा, मूर्ख, माझं काय मनावर घेतेस?" खूप बोललो. रडलोही. भर रस्त्यात, उघड्या गाडीत, शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता बघत होती.

ती म्हणाली, "त्यांना मीच सांगितलंय, माझा किंवा बाबांचा फोन आला तरी घेऊ नका. मी त्यांना ओळखते. नाही घेणार." मग गाडीतून उतरली, दार लोटलं, आणि म्हणाली, "चहा टाकते. तुम्ही गाडी आत घ्या."

मी लावून पाहिला फोन. तीनदा. वाजत राहिला.

चहा झाला. भांडी विसळून ती तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. अजून ऊन आहे बाहेर. मी या टेबलापाशी बसलोय, मध्ये एक भिंत. मला हवं होतं तेच झालं. ती कुठे जात नाही. मघापासून भिंतीला कान लावून बसलोय, पण ती रडत असली तरी मला कळायचं नाही. बारीक आवाज मला येत नाहीत.